हरवलेलं जोडवं आणि जॉर्जियातली शब्बाथ शाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या दक्षिणेवर, म्हणजे 'बायबल पट्टा' म्हणतात त्या भागावर एक लेख आला होता. लेखकाने तिथल्या खेड्यापाड्यांतली माणसं एका ओळीत निकालात काढली: एकच पुस्तक वाचणारी, तेच ते सांगत बसणारी, नवं काही न शिकणारी. लेखक कुठल्या खेड्यात किती दिवस राहिले, ते मात्र लेखात नव्हतं. मी राहिले आहे. पाच महिने. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. छापताना कात्री लावावी लागली तर लावा, फक्त गोवऱ्यांचा भाग ठेवा.

मी निवृत्त शिक्षिका, मराठी शाळेत ३४ वर्षं शिकवलं. राहायला विक्रोळीत. माहेर नगर जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. २०१८ च्या जूनमध्ये लेकीकडे गेले. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि तेव्हा जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्येला अमेरिकस नावाच्या गावात होती. नाव मोठं असलं तरी गाव आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं. गावाबाहेर पडलं की भुईमूग, कापूस आणि पिकनच्या बागा. पिकन म्हणजे अक्रोडाचा लांबोडका भाऊ. माती लालभडक. मातीकडे बघितलं की कोकण आठवायचं आणि अंगणात उभं राहिलं की नगरचा मे महिना.

पहिले पंधरा दिवस मी खिडकीत बसून काढले. लेक-जावई कामावर, रस्त्यावर चालणारं माणूस नाही. मग एक दिवस शेजारीण टोमॅटो घेऊन दारात आली. वय ८४. नाव देत नाही, तिला विचारलेलं नाही. तिकडे मोठ्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, पहिल्या नावाआधी 'मिस' लावतात, मग ती पणजी का असेना. आठवड्याभरात मीही मिस झाले. आम्हा नगरकरांना मिस म्हटलं की मिस फरार आठवतात, ज्यांच्याकडे सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले त्या. पण तो मिस बिनलग्नाचा. हा मिस आपल्या माई-अक्कासारखा.

लेक म्हणाली, "आई, रविवारी तुला त्या शब्बाथ शाळेला नेणार आहेत." मी म्हटलं, "मी काय सहा वर्षांची आहे?" आमच्याकडे शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चमधला रविवारचा बायबलचा वर्ग, हे पोरांचं काम: चित्रं रंगवायची, वचन पाठ म्हणायचं, गोळी घ्यायची. तिकडे ती जन्मापासून मरेपर्यंत असते. पावणेदहाला वर्ग, अकराला उपासना. रांगत्या बाळांची खोली, शाळकरी मुलांची, नव्याने लग्न झालेल्यांची, बापई माणसांची, आणि व्हरांड्याच्या टोकाला आमची, सत्तरीच्या पुढच्या बायांची. शेजारीण म्हणाली, "या वर्गातून पास होऊन कुणी पुढच्या वर्गात जात नाही. गेलीच तर वरच्या वर्गात जाते." आणि बोट छताकडे.

बारा खुर्च्या, कॉफीचं भांडं, कुणीतरी घरून आणलेला केक, भिंतीवर पौलाच्या प्रवासाचा नकाशा. प्रत्येकीच्या हातात तिमाही पुस्तिका, मोठ्या टायपातली, समासात पेन्सिलीने भरलेली. एकजण ९१ वर्षांची, भिंगाने वाचायची. दुसरी ८० ची; शेतावर मजुरीला येणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांची मुलं चर्चला येऊ लागली म्हणून ती स्पॅनिश शिकत होती आणि क्रियापदांचे कागद पर्समध्ये ठेवून वाट बघताना पुटपुटायची. वर्ग घेणारी पोस्टातून निवृत्त झालेली. तिची पद्धत मी शिक्षिकेच्या नजरेने बघत होते. उतारा एकीने वाचला. हिने त्याचा अर्थ सांगितलाच नाही. पुस्तिका मिटली आणि विचारलं, "बरं, तुमच्या घरी असं काय हरवलं होतं?"

त्या दिवशी लूक १५ होतं, म्हणजे बायबलातल्या लूकच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय. दहा नाण्यांतलं एक हरवतं, बाई दिवा लावते, घर झाडते, नाणं सापडतं. दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, अडीच ओळींचा. आम्ही बसलो पाऊण तास.

माझ्या शेजारणीने सुरुवात केली. तिकडची गोष्ट गोष्टीपासून सुरू होत नाही. आधी रस्ता सांगतात: जुना पूल होता त्याच्या अलीकडे. मग माणसाची भावकी: तिची आई कुणाची लेक, कुणाच्या घरात दिली, त्या घरातल्या कुणाला फार दारू चढायची. मग जनावरं. मला वाटलं, बाई, हरवलं काय ते सांग. तिच्या आईची लग्नातली अंगठी बिस्किटांच्या कणकेत हरवली होती. बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे, ताकात भिजवलेल्या मैद्याचा भाजलेला मऊ गोळा. शंभरावर बिस्किटं भाजून टोपल्या चर्चच्या आवारात गेल्या, कारण त्या दिवशी उपासनेनंतर झाडाखाली पंगत होती. तिथे जाऊन आईने बोट बघितलं. पाळकसाहेबांनी जेवणाआधीची प्रार्थना केली आणि 'आमेन'नंतर त्याच सुरात म्हणाले, "हळू चावा." एवढं सांगून शेजारीण थांबली, कॉफी प्यायली. मग सगळ्या आवाराने कसं चावलं ते तिने करून दाखवलं: कवळीवाले गृहस्थ, गालात बिस्किट धरून बसलेली पोरं, एक बाई जी तीन खाऊन म्हणाली की मी शोधतेय. अंगठी मिळाली तीन आठवड्यांनी, चाळणीच्या कडेत अडकलेली. तोपर्यंत गावातलं कुणी त्यांच्या घरचं बिस्किट बिनधास्त खात नव्हतं.

मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. ३४ वर्षं मी मुलांना 'उभं राहून सांग' म्हणत आले. माझ्यावर वेळ आली तेव्हा घाम फुटला.

मी आजीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती शंभरदा सांगून झाली आहे. पावसाळ्याआधी आजी पायाने शेण-भुसा मळत होती. दिवसभर गोवऱ्या थापल्या, भिंतीवर, बांधावर, जागा मिळेल तिथे. चार दिवसांनी पायाकडे लक्ष गेलं तर उजव्या पायातलं जोडवं नाही. चांदीचं, आजोबांनी उसाच्या गाळपाच्या पैशांतून केलेलं. मग तिने वाळत आलेल्या गोवऱ्या एकेक करून मोडल्या. दीडशे तरी असतील. जोडवं सापडलं ते शेवटच्या ओळीत.

हे इंग्रजीत सांगायचं तर गोवरीला शब्द हवा. मी म्हटलं 'केक'. शाळेच्या पुस्तकात तेच होतं, काउडंग केक. टेबलावर खरा केक होता. भिंगवालीने हातातल्या तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आयसिंग लावता का वरून?" त्यानंतर पाच मिनिटं वर्ग बंद. पलीकडच्या खोलीतल्या बापई माणसांनी दार उघडून बघितलं.

हसणं थांबल्यावर पोस्टवाल्या बाईंनी पुस्तिका पुन्हा उघडली. दाखल्यातली बाई नाणं सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते, माझ्याबरोबर आनंद करा म्हणते. त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्या आजीने शेजारणींना बोलावलं का?"

संपादक महाशय, मला उत्तर माहीत नव्हतं. ६८ वर्षांची होईपर्यंत मी ही गोष्ट ऐकली आणि सांगितली, आणि ती शेवटच्या ओळीतल्या गोवरीपाशी संपते असं धरून चालले. पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. एक आत्या तेवढी हयात होती, नगरला, नव्वदीजवळची. फोन केला. तिला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, "जेवले, जेवले." ते राहिलं.

तेच वाचतात, तेच सांगतात, हा आपल्या लेखकाचा आक्षेप खरा आहे. दर काही वर्षांनी लूक १५ पुन्हा येतंच. पण पुढच्या रविवारी आपल्याला सांगावं लागणार, हे ठाऊक असलेली बाई शनिवारी रात्री पुस्तक कसं वाचते ते मी बघितलं आहे. शेजारणीच्या ओट्यावर दिवा दहापर्यंत असायचा. शब्दकोश, नकाशा, एकदा तर ज्वारीचं पीठ काय असतं ते विचारायला माझ्याकडे आली, कारण बायबलातली रूथ शेतात सरवा वेचते आणि हिला जात्यापर्यंत सगळं बघायचं होतं.

अमेरिकसपासून दहा मैलांवर प्लेन्स. जिमी कार्टर यांचं गाव, वस्ती हजाराच्या आत. कार्टर वयाच्या अठराव्या वर्षापासून शब्बाथ शाळेत शिकवत होते आणि राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर गावातल्या मॅरनाथा बाप्टिस्ट चर्चमध्ये शिकवायला लागले. २०१८ ला ते ९३ वर्षांचे. लोक पहाटेपासून गाड्या लावून बसायचे. आम्हीही बसलो.

मला मात्र कार्टरपेक्षा त्यांच्या आईत जास्त रस होता, आणि तोही विक्रोळीमुळे. मिस लिलियन. जन्म १५ ऑगस्ट १८९८. शिकलेली नर्स, खेड्यात काळ्या-गोऱ्या दोन्ही घरांत शुश्रूषेला जाणारी. कार्टरांच्या घरी जेवताना प्रत्येकाने ताटाशेजारी पुस्तक ठेवून वाचायची मुभा होती. आमच्या घरी असं केलं असतं तर पाठीत धपाटा. नवरा गेला, मुलं मोठी झाली, आणि ६८ व्या वर्षी या बाईंनी पीस कोअरला, म्हणजे परदेशात स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या संस्थेला, अर्ज केला. १९६६ च्या अखेरीस त्या आल्या त्या आमच्या विक्रोळीत, गोदरेजच्या वसाहतीत. शेंगांच्या गावातली बाई २१ महिने आमच्या मराठी बोलणाऱ्या कामगारवस्तीतल्या दवाखान्यात राबली, घरी पत्रं लिहीत राहिली, आणि ती पत्रं पुढे पुस्तक होऊन निघाली. मी लग्न होऊन विक्रोळीला आले १९७४ ला, त्यामुळे मी त्यांना बघितलेलं नाही. सासूबाई सांगायच्या, दवाखान्यात एक म्हातारी गोरी नर्स होती. १९७७ ला तिचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाल्याचं वर्तमानपत्रात आलं तेव्हा चाळीत कुणाचा विश्वास बसेना. आपल्याकडे राष्ट्राध्यक्षाची आई दुसऱ्यांच्या जखमा धुवायला कुठे येते?

मीही त्या वर्षी ६८ चीच. मनात एक वाक्य तयार करून गेले होते: तुमच्या आई आमच्या विक्रोळीत होत्या. वर्गाच्या सुरुवातीला कार्टर पाहुण्यांना कुठून आलात विचारायचे. आम्हाला जागा मिळाली शेजारच्या खोलीत, टीव्हीसमोर. उपासनेनंतर दोघा नवरा-बायकोंबरोबर फोटो असायचा, पण स्वयंसेवकांची सक्त ताकीद: हात मिळवायचा नाही, बोलायचं नाही, रांग पुढे सरकली पाहिजे. फोटोत माझं तोंड अर्धवट उघडं आहे. 'विक्रोळी' त्यातच राहिली.

हे सगळं गोड गोड वाटेल म्हणून दुसरी बाजूही सांगते. आमच्या वर्गात सगळ्या गोऱ्या होत्या. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला काळ्यांचं चर्च, तीच उपासनेची वेळ, तेच पुस्तक. मी एकदा विचारलं, तुम्ही एकत्र का बसत नाही. खोली गप्प झाली आणि मला केकचा आणखी एक तुकडा वाढण्यात आला. ती शांतता मी ओळखते. आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावातली प्रार्थना महारवाड्यातच व्हायची, आणि पुढे ख्रिस्ती देऊळ बांधलं तेव्हाही कोण कुठे बसणार हे न बोलता ठरलेलं होतं. प्रभूभोजनाचा प्याला एक करायला आमच्याही मंडळ्यांत किती वर्षं गेली ते जुन्या लोकांना विचारा.

पण ही शांतता मोडणारी माणसंही त्याच मातीतली, हे आपल्या लेखकाला कुणी सांगायला हवं होतं. क्लॅरेन्स जॉर्डन यांचंच बघा. जॉर्जियातच जन्मलेले, शेतकीची पदवी घेतलेले आणि वर ग्रीक नव्या कराराची डॉक्टरेट. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकसजवळ कोइनोनिया नावाची शेती काढली. काळे-गोरे एका टेबलावर जेवणार, एका दराने राबणार. १९५० ला जवळच्या चर्चने त्यांना मंडळीतून काढून टाकलं. पुढे गोळ्या झाडल्या, बाँब टाकले, गावाने बी-बियाणं, खत द्यायचं बंद केलं. त्यांनी पिकन टपालाने विकायला सुरुवात केली आणि तग धरला. या माणसाने ग्रीकमधून नव्या कराराचा बराचसा भाग थेट जॉर्जियाच्या शेतकऱ्याच्या बोलीत आणला. त्यात येशू गेन्सव्हिलमध्ये जन्मतो आणि त्याला सफरचंदाच्या खोक्यात निजवतात. यरुशलेमच्या जागी अटलांटा आहे. आणि वधस्तंभाच्या जागी त्यांनी तो शब्द वापरला जो दक्षिणेत काळ्या माणसाला झाडाला लटकवून मारण्यासाठी वापरतात. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ ला ओव्यांत छापलं गेलं, रेव्हरंड टिळकांनी नगरात ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. परक्या मुलखातली कथा आपल्या उंबऱ्यावर आणण्याचं काम आपल्याला नवं नाही. पण टिळकांचं कीर्तन ऐकून डोळे पुसता येतात. जॉर्डन यांचं वाचून मान खाली जाते. मी ते शेजारणीच्या ओट्यावर वाचलं. तिचं स्वतःचं पुस्तक होतं, कोपरे दुमडलेलं. ती वर्गात त्याबद्दल बोलत नव्हती. मी का, ते विचारलं नाही.

त्याच शेतावरच्या विचारातून १९७६ मध्ये अमेरिकसला हॅबिटॅट फॉर ह्यूमॅनिटी निघाली, गरिबांना सोबत घेऊन घरं बांधणारी. २००६ मध्ये कार्टर स्वतः हातोडा घेऊन लोणावळ्याजवळ आले होते, शंभर घरं बांधायला. ही बातमी आपल्याच पेपरात वाचल्याचं स्मरतं.

आणि शिकण्याबद्दल बोलायचं तर साउथ कॅरोलायनातलं जॉन्स बेट. माझ्या लेकीच्या सहकारिणीचं आजोळ तिथलं, तिच्याबरोबर आम्ही जाऊन आलो. बऱ्याच तासांचा रस्ता, शेवटी ओकच्या फांद्यांना लोंबणारं शेवाळ आणि खारट वारा. तिथे राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवल्याशिवाय मतदार म्हणून नाव लागत नसे, आणि काळ्या शेतमजुरांना वाचायला शिकवलंच नव्हतं. इसॉ जेन्किन्स नावाचे गृहस्थ बस चालवायचे, बेटावरच्या लोकांना कामासाठी चार्ल्सटनला न्यायचे, आणि बसमध्येच घटनेचे उतारे पाठ करून घ्यायचे. पण पाठ करणं म्हणजे वाचणं नव्हे. मग जानेवारी १९५७ मध्ये त्यांनी आणि सेप्टिमा क्लार्क यांनी एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांची शाळा सुरू केली. पुढे वाणसामान, मागे फळा, गोऱ्यांना संशय नको म्हणून. क्लार्क ४० वर्षं शिकवलेल्या बाई; काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोडलं नाही म्हणून आदल्या वर्षी त्यांची नोकरी घालवली होती. शिकवायला त्यांनी शिक्षिका निवडली नाही. निवडली केशभूषा आणि शिवणकाम करणारी बर्निस रॉबिन्सन. कारण शिक्षिका प्रौढांना पोरांसारखं वागवते. (हे वाचून मला लागलं. खरं असल्यामुळे जास्त लागलं.) रॉबिन्सनबाईंनी पहिल्या रात्री १४ जणांना विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? उत्तरं अशी: स्वतःचं नाव लिहायचंय, बायबल वाचायचंय, मनीऑर्डरचा फॉर्म भरायचाय. त्यावरून अभ्यासक्रम. एक ६५ वर्षांची बाई पुढे एके दिवशी उठली, बाईंच्या हातातली काठी घेतली आणि फळ्यावरच्या नावांत स्वतःचं नाव ओळखून दाखवलं.

या शाळा पुढे दक्षिणभर पसरल्या. शिक्षकांचं प्रशिक्षण व्हायचं जॉर्जियातल्या डॉर्चेस्टरला, काँग्रिगेशनल पंथाच्या मिशनने मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या जुन्या शाळेच्या आवारात. आमचं अमेरिकन मराठी मिशनही काँग्रिगेशनलांचंच, १८३१ पासून नगरात. म्हणजे माझ्या पणजोबांच्या हातात पाटी देणारे आणि त्या बेटावरच्या शिक्षिकांना छप्पर देणारे एकाच सोयऱ्यांतले. हे मला नगरमध्ये ६८ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात जावयाने टेनेसीतल्या जोन्सबरोला नेलं. १९७३ मध्ये तिथल्या एका शाळामास्तरांनी, जिमी नील स्मिथ यांनी, गाडीच्या रेडिओवर मिसिसिपीच्या जेरी क्लाउअरची शिकारीची गोष्ट ऐकली आणि गावात गोष्टी सांगणाऱ्यांचा मेळा भरवायचं ठरवलं. पहिल्या वर्षी गवत वाहायच्या गाडीवर उभं राहून गोष्टी झाल्या. आता सर्कसएवढे तंबू, हजारो माणसं, तिकीट. रे हिक्स नावाचे उत्तर कॅरोलायनातले उंचापुरे डोंगरी शेतकरी तिथे वर्षानुवर्षं जॅकच्या गोष्टी सांगायचे. मरणाला पोत्यात पकडून झाडावर टांगणारा जॅक, आणि मग मरता न येणारी म्हातारी माणसं बघून पोतं सोडणारा जॅक. ते २००३ ला गेले. तंबूत छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिथे मला कुणी विचारलं नाही, बाई, तुमच्याकडे काय झालं होतं?

नोव्हेंबरात परत आले. पहिल्या आठवड्यात नगर गाठलं, आत्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं: आजीने शेजारणींना बोलावलं होतं का?

"बोलावलं की," आत्या म्हणाली. "पण आनंद कसला करणार? पाऊस तोंडावर आणि अंगणभर गोवऱ्यांचा भुगा. बाया आल्या, जोडवं हातात घेऊन बघितलं, अन् आधी हिलाच शिव्या घातल्या, सरपण घालवलंस म्हणून. मग घरी जाऊन जिने तिने पदरातून दोन-चार गोवऱ्या आणल्या. दाराशी रचल्या. श्रावणापर्यंत पुरल्या." वरच्या आळीतलं कुणी आलं नाही. तांबोळीण आली होती, तिने सहा आणल्या. आत्याला आकडा पाठ होता. एवढी वर्षं पाठ होता, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी हे शेजारणीला पत्राने कळवलं. तिने वर्गात वाचून दाखवलं. तिचं उत्तर आलं की पुढचा अख्खा तास 'सहा'वर गेला: सहा गोवऱ्या म्हणजे किती, किती दिवसांचा स्वयंपाक, आणि जिच्याकडे दहाच असतील तिने सहा देणं म्हणजे काय. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, भिंगवाली वरच्या वर्गात गेली.

आता आपल्याकडचं. आमच्या मंडळीत प्रौढांचा वर्ग होता, तो केव्हाच बंद पडला. का, विचारलं तर म्हणतात, लोक येत नाहीत. येतील कसे? प्रवचन ऐकायचं, घरी जायचं. ज्येष्ठ नागरिक संघात मधुमेहावर व्याख्यान, मग योगासनांवर व्याख्यान, वाढदिवसाला शाल-श्रीफळ. माईक कायम दुसऱ्याच्या हातात. मुरबाडजवळ फांगण्याला २०१६ मध्ये आजीबाईंची शाळा निघाली, तिचे गुलाबी लुगड्यांतले फोटो सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. चांगलं केलं. पण त्या आजींनी आयुष्यात काय बघितलं, ते त्यांच्या तोंडून माझ्या तरी वाचनात आलं नाही. म्हातारं माणूस शिकतंय एवढंच कौतुक. त्याच्याकडून शिकण्यासारखं काही असेल, हे बातमीत बसत नसावं.

आम्ही सातजणी दर गुरुवारी चार वाजता सोसायटीच्या कार्यालयात बसतो. चौघी ख्रिस्ती, दोघी वारकरी घरातल्या, एक कशातच नसलेली, पण येते नेमाने. एका आठवड्यात लुकाचा दाखला, पुढच्या आठवड्यात गाथेतला अभंग. अर्थ सांगायला मनाई आहे. ती मनाई सगळ्यांत जास्त मी मोडते.

तेव्हा माझी मागणी लहान आहे. वाचकपत्रांच्या खाली चार ओळींची जागा असते, तिथे आपण सुविचार छापता. तो बंद करून आठवड्याला एक प्रश्न छापा आणि आलेली उत्तरं पुढच्या आठवड्यात. पहिला प्रश्न मी देते: तुमच्या घरी काय हरवलं होतं, आणि सापडल्यावर कोण कोण आलं?

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, विक्रोळी (पूर्व)
(नाव छापू नये ही विनंती. आत्या ओळखतील, पण त्यांची हरकत नाही.)

ता. क.: हे पत्र आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिची एकच दुरुस्ती आहे. जोडवं उजव्या नाही, डाव्या पायातलं होतं.